क्षण धरणारी डबी

दसऱ्याला दोन दिवस असताना नातू पुण्याहून बीडला आला. खांद्यावर जड पिशवी. त्याच्या आजीला वाटले, यंदा पोराने घरासाठी काहीतरी आणले. पिशवीतून निघाले ते एक उघडे लाकडी खोके, रंगीत तारांचा गुंता, आणि ॲल्युमिनियमच्या चारदोन पट्ट्यांवर बसवलेली फिरकीची बटणे. जेवणाची ताटे उचलली जाताच त्याने तो पसारा पाटावर मांडला, भिंतीत पिन खोचली, आणि घरात आवाज सुरू झाला.

आवाज कसला म्हणावा? मांजराने बाजाच्या पेटीवरून सावकाश चालत जावे, कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला पाय टाकावा, तसे स्वर उमटत होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “हा कुठला राग म्हणायचा?”

“राग नाही गं आजी,” नातू म्हणाला, “हे सँपल अँड होल्ड मॉड्यूल आहे. मी स्वतः बनवलंय. फक्त थोडं गळतंय.”

बीड जिल्ह्यात ज्याचा जन्म गेला, त्याचे कान ‘गळते’ या शब्दाला फार तिखट असतात. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही येईल त्या साली. त्यामुळे रांजण गळतो म्हटले की आम्ही हातातले काम टाकून उठतो. मी तर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आणि फावल्या वेळात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसलो. चष्मा पुसून मीही त्या पाटासमोर मांडी घातली. त्या रात्री आणि पुढच्या चार दिवसांत त्या काडेपेटीएवढ्या जोडणीने मला जे शिकवले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम या डबीचे काम काय ते सांगतो. ‘सँपल’ म्हणजे नमुना, आणि ‘होल्ड’ म्हणजे धरून ठेवणे. नमुना म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मोंढ्यावर अडत्या पोत्यात हात घालून मूठभर ज्वारी काढतो आणि भाव सांगतो. घरची बाई शितावरून भाताची परीक्षा करते. विजेचा दाब हा मात्र ज्वारीसारखा स्वस्थ बसणारा पदार्थ नाही. तो क्षणाक्षणाला चढतो, उतरतो. त्याच्या एका क्षणाची मूठ भरून घ्यायची आणि पुढची मूठ भरेपर्यंत ती जशीच्या तशी मिटून ठेवायची, एवढेच या डबीचे काम.

त्यासाठी तीन कारागीर लागतात. पहिली झडप. हा एक ट्रान्झिस्टर असतो. क्षणभर उघडतो, बाहेरचा दाब आत घेतो आणि मिटतो. दुसरा रांजण, म्हणजे धारित्र, ज्याला आपण रेडिओवाले कंडेन्सर म्हणतो. आत आलेला दाब तो साठवतो. तिसरा चौकीदार. रांजणात डोकावून पाणी कुठवर आहे ते बाहेर सांगायचे, पण स्वतः थेंबही प्यायचा नाही, अशी त्याची नेमणूक. हल्ली हे काम ऑप-ॲम्प नावाची बारकी चकती करते.

झडप कधी उघडायची हे ठरवायला ठोका लागतो. येथे मला आमच्या लहानपणची लग्ने आठवली. मांडवात पाण्याने भरलेले घंगाळ असे आणि त्यात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगे. हे घटिकापात्र. वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे 24 मिनिटे. भटजींचा एक डोळा मंगलाष्टकांच्या पोथीवर आणि एक त्या वाटीवर. घटिका भरली की ‘सावधान’, आणि अंतरपाट दूर. क्षणभर पडदा सरतो आणि त्या एका क्षणात जे घडते ते दोघांनी जन्मभर धरून ठेवायचे असते. या डबीचे याहून चांगले वर्णन मला करता येणार नाही.

भास्कराचार्यांच्या मुलीची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. विवाहाचा मुहूर्त मोजण्यासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात लीलावतीच्या दागिन्यातला मोती पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. ही कथा आपल्याला मिळते ती 1587 साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला त्यातून. खरीखोटी कशीही असो, ठोका चुकला की नमुना चुकतो, एवढे तिने आपल्याला चारशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

आता पाटावरच्या खोक्यातून विसंगत स्वर का येत होते ते कळेल. नातवाने झडपेच्या दाराशी सोडला होता गोंगाट. रेडिओचा काटा दोन केंद्रांच्या मध्ये राहिला की जी खरखर येते, तिच्यात विजेचा दाब कोणत्याही नियमाविना नाचत असतो. दर ठोक्याला डबी त्या नाचातला एक क्षण पकडते आणि तो दाब स्वर काढणाऱ्या जोडणीकडे पाठवते. दाब जास्त तर स्वर उंच, कमी तर खाली. एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर, असा हिशेब अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांनी 1964 पासून घडवलेल्या वाद्यांमुळे रूढ झाला. सप्तकात बारा स्वर. म्हणजे एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतचे अंतर फक्त 83 मिलिव्होल्ट. षड्ज धरून ठेवलेल्या रांजणातून एवढा दाब झिरपला की त्याचा शुद्ध निषाद होतो. नातवाच्या डबीत हेच चालले होते. स्वर लागे, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या मानेसारखा हळूहळू खाली कलंडे.

ही डबी जन्माने वाद्यशाळेतली नाही. तिचे माहेर तारायंत्राच्या घरात. 1938 साली ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करीत असताना एक पेटंट घेतले. आवाज सलग पाठवण्याऐवजी त्याचे ठरावीक अंतराने नमुने घ्यावेत, त्यांचे आकडे करावेत आणि आकडे तारेने धाडावेत, अशी त्याची कल्पना. ती पेलणारी साधने त्या काळी नव्हती. पुढे 1949 साली क्लॉड शॅनन यांनी गणिताने नमुन्यांचा नियम पक्का मांडला. आवाजातले सर्वांत जलद कंपन सेकंदाला जितके, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नमुना घ्या. मग काही हरवणार नाही. टेलिफोनवर म्हणूनच सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर 44,100.

हा नियम मी वर्गात तहसील कचेरीतल्या पर्जन्यमापकावरून शिकवीत असे. रोज सकाळी ठरल्या वेळी कारकून नळीतले पाणी मोजतो, आकडा वहीत लिहितो, आणि तो आकडा दुसऱ्या सकाळपर्यंत कायम. हाही नमुना आणि हेही धारण. पण दुपारी तासाभरात ढगफुटी झाली आणि उभे पीक वाहून गेले, की दिवसभर रिमझिम झाली आणि पीक तरारले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. दोन नमुन्यांच्या मध्ये जे घडते ते वहीला माहीत नसते. जिल्ह्याच्या दुष्काळाच्या कागदांतही असे मधले पुष्कळ काही राहून गेले आहे. असो.

संगीतकारांनी ही डबी उचलली ती नेमक्या उलट कारणासाठी. अभियंत्याला ती हवी होती काही निसटू नये म्हणून; वादकाला हवी होती काहीतरी अवचित हाती लागावे म्हणून. आणि या अवचिताच्या वाटेवर एक भारतीय बाई उभी आहे, हे मला या दसऱ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

तिचे नाव गीता साराभाई. अहमदाबादच्या प्रसिद्ध साराभाई घराण्यातली मुलगी. बायका ज्या वाद्याला सहसा हात लावीत नसत तो पखवाज शिकलेली. 1946 साली ती न्यूयॉर्कला गेली आणि तेथे जॉन केज या तरुण संगीतकाराला भेटली. तिने त्याला भारतीय संगीत आणि त्यामागचा विचार सांगावा, त्याने तिला पाश्चात्त्य संगीत शिकवावे, असा बिनपैशाचा सौदा ठरला. मन शांत करणे हे संगीताचे प्रयोजन, हा विचार केजला तिच्याकडून मिळाला आणि तो त्याने जन्मभर सोडला नाही. पुढे स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवण्यासाठी केज नाणी उडवून स्वर निवडू लागला. 1951 सालची त्याची एक मोठी पियानो-रचना अशा नाण्यांच्या कौलावर बांधलेली आहे. आमच्या पाटावरची डबी दर ठोक्याला कौल लावते, तो याच घराण्यातला म्हणायचा.

केजच्या त्या रचना वाजवणारा पियानोवादक होता डेव्हिड ट्यूडर. 1969 साली हाच ट्यूडर मूगचे वाद्य घेऊन अहमदाबादला आला आणि 1961 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने भारतातली पहिली इलेक्ट्रॉनिक संगीतशाळा मांडून दिली. पखवाज वाजवणाऱ्या मुलीने न्यूयॉर्कला नेलेले बी तेवीस वर्षांनी तारांच्या गुंत्याच्या रूपाने परत आले. त्या खोलीत स्वतः गीताबाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तीन-चार वर्षे काम केले. फिती भरल्या, कपाटात गेल्या, खोली शांत झाली. आणि मग सारे विसरले. पुढे पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला संस्थेच्या संग्रहात त्या फिती सापडल्या. 2020 साली बीबीसी रेडिओवर त्यांची कहाणी सांगितली गेली आणि 2023 साली निवडक फिती तबकडीवर आल्या. मधली जवळजवळ पन्नास वर्षे देशात कुणाला त्यांचा पत्ता नव्हता.

मुंबईचीही हीच तऱ्हा. हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्यांत पारशी वादक केरसी लॉर्ड अग्रभागी होते. पण पडद्यावर नाव संगीतकाराचे, वादकाचे नाही. तेथलेच वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. रागाचे चलन यंत्राच्या ठेक्यावर. तबकडी खपली नाही, अडगळीत गेली. 2010 साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे ऐकणारे चकित झाले, की हे नृत्यसंगीत शिकागोच्या पोरांनी करण्याआधी मुंबईत कुणी करून ठेवले होते!

या साऱ्या काळात डबीचे रूपही बदलत होते. 1971 साली अमेरिकेतल्या एआरपी कंपनीच्या 2600 या वाद्यात ती दर्शनी भागावर आली. 1978 सालच्या प्रॉफेट-5 या वाद्यात तिला वेगळेच काम मिळाले. त्यात आकड्यांचा दाब करून देणारा भाग एकच, आणि दाब हवा असलेल्या जागा अनेक. मग काय केले? आमच्याकडे उन्हाळ्यात करतात तेच. एकच टँकर गल्लीत फिरतो आणि दारोदारचे रांजण पाळीपाळीने भरतो. टँकर पुन्हा येईपर्यंत प्रत्येकाने आपल्या रांजणावर निभवायचे. रांजण फुटका असेल त्या घराचे हाल. 1995 नंतर जर्मनीतल्या डीटर डोपफर यांनी काढलेल्या मापाच्या पट्ट्या जगभर पसरल्या आणि घरबसल्या वाद्य बनवणाऱ्या पोरांची नवी पिढी आली. माझा नातू त्यातलाच. सुटे भाग तपकीर गल्लीतून, नकाशा दूरच्या कुणाचा, आणि डाख स्वतःच्या हातचा.

डाखावरून गळतीकडे येतो. आम्ही हिशेब मांडला. धारित्र दहा नॅनोफॅरडचे. त्यातून एक अब्जांश अँपिअर प्रवाह जरी निसटला, तरी सेकंदाला व्होल्टचा दहावा भाग उतरतो. त्याचा ठोका दोन सेकंदांचा. तेवढ्यात षड्जाचा कोमल निषाद. मी भिंग लावून पाहिले. धारित्र होते सिरॅमिकच्या चकतीचे, आणि डाख देताना वापरलेल्या राळेचा पिवळट थर तसाच राहिला होता. पावसाळाभर त्याने दमट हवा शोषून घेतली असणार. राळ म्हणजे रांजणाच्या बुडाशी ठेवलेला ओला फडका. पाणी कुठून जाते ते दिसत नाही, पण जाते.

माळ्यावरचा माझा जुन्या रेडिओंचा डबा काढला. मृत रेडिओंची ही अस्थिपेटी टाकून द्या म्हणून घरात पंधरा वर्षे तगादा आहे. त्यात पॉलिस्टायरीनची धारित्रे निघाली, काचेच्या गोळीसारखी पारदर्शक, आत चंदेरी गुंडाळी. यांच्यातून वीज जवळजवळ झिरपतच नाही. मात्र सोल्डरिंग आयर्नच्या धगीने ती वितळतात, म्हणून हात जपून चालवावा लागतो. पट्टी स्पिरिटने घासून स्वच्छ केली. दोनतीन धारित्रे शेजारी शेजारी जोडली. नातवाने ठोका दिला. स्वर लागला आणि दहा-बारा सेकंद तसाच उभा राहिला, समईच्या ज्योतीसारखा.

पोरगा आनंदाने ओरडला. मी मात्र तो स्थिर स्वर ऐकताना गप्प झालो. डब्यात धारित्रांच्या खाली एक कॅसेट होती, आणि ती पाहिल्यावर मला माझी गळती आठवली.

1979 साली मी पगारातून पैसे साठवून कॅसेट-रेकॉर्डर घेतला. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती, पण माय सणावाराला थोडे तरी जात्यावर दळायची. एका पहाटे मी यंत्र जात्याशेजारी ठेवले आणि तिच्या ओव्या भरून घेतल्या. जात्याची घरघर आणि वर तिचा आवाज. चार वर्षांनी, 25 जून 1983 च्या संध्याकाळी, भारत लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होता. रेडिओवरचे समालोचन टिपून ठेवायचे म्हणून हाताला लागली ती कॅसेट मी घातली. आपण 43 धावांनी जिंकलो. सकाळी कळले की मायच्या ओव्यांवर टाळ्यांचा कडकडाट बसला आहे. मी तिला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “परत म्हणून दाखविते की.” परत तो योग आला नाही. 1986 साली ती गेली. कॅसेट मी टाकली नाही, ऐकलीही नाही.

हे नातवाला सांगितल्यावर त्याने विचारले, “तशा ओव्या दुसरं कुणीच भरून नाही घेतल्या?” घेतल्या होत्या, आणि आपल्याच जिल्ह्यात. पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीत आणि गणकयंत्र दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल पुढे त्यांना येऊन मिळाले आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. 1996 साली हे लोक माजलगावच्या भीमनगर वस्तीतही बसले होते. तेथल्या बायकांनी डॉ. बाबासाहेबांवर, बुद्धावर, आपल्या लेकरांवर ओव्या म्हटल्या. आज ते आवाज आकड्यांच्या रूपात जपलेले आहेत आणि कुणालाही ऐकता येतात. आवाजाचा आकडा करताना दाराशी कोणत्या ना कोणत्या रूपात ही झडप आणि हा रांजण असतोच. सेकंदाला हजारो वेळा ती उघडली, मिटली, आणि माजलगावच्या बायांचा श्वास तिने धरला. त्या रात्री नातवाने ते आवाज लावले. त्यात माझी माय नव्हती. पण ओळीच्या शेवटी सूर ओढून सोडण्याची तिची लकब होती. मी अंधारात बसून ऐकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे खजाना विहीर पाहायला गेलो. शहराबाहेरची ही विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधवली. जमिनीखालच्या मोऱ्यांतून तिचे पाणी शेतांकडे जाते, आणि पावसाळा असो वा दुष्काळ, पातळी फारशी हलत नाही अशी तिची ख्याती. पायऱ्यांवर उभा राहून नातू म्हणाला, “आबा, हे तर केवढं मोठं होल्ड!” मी म्हटले, “अरे, नुसता हौद चांगला बांधून भागत नाही. मोऱ्यांतला गाळ कुणीतरी काढत राहावा लागतो.” अहमदाबादच्या फिती कपाटात होत्याच, त्या काढून लावणारे माणूस नव्हते. माझी कॅसेट घरातच होती. तिच्यावर काय आहे हे लिहिण्याइतकी तसदी मी घेतली नव्हती. गळती तेथून झाली.

माझी थोरली बहीण आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मायच्या मांडीला मांडी लावून ती दळायला बसायची. पुष्कळ ओव्या तिला येतात, आणि चाल तर हुबेहूब मायची. यंदा भाऊबीजेला अक्का आमच्याकडे येणार आहे. नातवाने सुट्टी चार दिवसांनी वाढवून घेतली आहे, माळ्यावरचे जाते खाली उतरवून धुतले आहे, आणि रेकॉर्डरवर चिकटवायची चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवली आहे. तिच्यावर अक्काचे नाव आहे, गावाचे आहे, तारखेची जागा कोरी आहे. ओवाळणी काय घालायची हे मात्र मी अक्कालाच विचारणार आहे. कारण या भाऊबीजेला देणारी ती आहे आणि घेणारा मी.